खडा त्याचा, पिशवी तिची

कर्जतच्या बाजारपेठेत मी जन्मभर लोकांच्या पोटात बघत बसले. सोनोग्राफी हा माझा धंदा. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्यांनी फोन केला ते गृहस्थ त्याला ‘तुमची साधना’ म्हणाले. परक्या माणसाच्या पोटाला गार जेल फासून अंधाऱ्या खोलीत करड्या पडद्याकडे डोळे फाडून बघण्यात साधना कुठून आली? पाठ मात्र गेली आणि चष्म्याचा नंबर वाढला. आता मशीन विकून भिसेगावात घरी बसलेय, तेव्हा मनात साठलंय ते लिहून टाकते. गोड काही हवं असेल तर याच अंकात पुढे कुठेतरी पाककृती असतील.

गावात मला मशीनवाल्या बाई म्हणायचे. मी डॉक्टर आहे हे पुष्कळांना पटायचं नाही, कारण मी सुई टोचत नसे आणि गोळ्याही देत नसे. दारावर कायद्याने लावायची पाटी होती, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. ती मोठ्याने वाचून आत आलेला माणूस पहिला प्रश्न तोच विचारायचा. त्याला बाहेर काढायचं काम माझ्या मदतनीस शालनताईंचं. त्यांचा आवाज असा की रस्त्यावरचा रिक्षावालाही दचकून ब्रेक मारायचा.

पण मला सांगायचंय ते मुतखड्याबद्दल. आमच्या भागात पोटातल्या कळेला नाव ठेवायची एक रीत आहे. पाठीच्या कुशीतून निघून जांघेत उतरणारी, उलट्या करवणारी, माणसाला गडबडा लोळायला लावणारी कळ पुरुषाला आली तर तो खडा. अगदी तीच कळ बाईला आली तर ती पिशवी. पिशवी म्हणजे गर्भपिशवी. तिला सूज आलेली असते, ती खाली आलेली असते, नाहीतर खराब झालेली असते, आणि ती काढून टाकायची असते. हे निदान शेजारीपाजारी फुकट होतं. डॉक्टरकडे गेल्यावरही तेच व्हावं याचं मला वैषम्य वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवरही तेच. पोट दुखणाऱ्या पुरुषाच्या चिठ्ठीवर डॉक्टर लिहायचे, मूत्रपिंडं आणि मूत्रमार्ग बघा. बाईच्या चिठ्ठीवर लिहायचे, ओटीपोट बघा. म्हणजे तिची मूत्रपिंडं माहेरीच राहिलीत असा काहीतरी समज असावा. मी चिठ्ठीवर काहीही असो, बाईच्या दोन्ही कुशींवरून मशीनचा प्रोब फिरवून घ्यायचेच. त्यावरून एका डॉक्टरसाहेबांनी मला ऐकवलंही होतं, “मॅडम, सांगितलंय तेवढंच करत जा.” सांगितलं तेवढंच करायचं असतं तर मी शिकले कशाला, झेरॉक्सचं दुकान टाकलं असतं.

आता नरेशबद्दल. नाव-गाव बदलून सांगते, नरेश कडावचा. घरी म्हशी, थोडं भात, मोटारसायकलला दुधाचे कॅन लटकवून कर्जतभर फिरणारा गडी. एकदा त्याला खड्याची कळ आली तेव्हा त्याला घेऊन टेंपो भरून माणसं माझ्या दारात उतरली. नरेश असा ओरडत होता की समोरच्या कापडवाल्याने गिऱ्हाईक सोडून येऊन चौकशी केली. मी बघितलं, मूत्रनळीत खडा होता. मशीनमध्ये खडा ओळखणं सोपं असतं. दगड आवाजाच्या लहरी अडवतो, म्हणून तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. नरेशला सलाईन लागलं, गोळ्या मिळाल्या, घरी कुळथाचं पाणी झालं, आणि मित्रांनी बिअर पाजली ती वेगळी. बिअरने खडा पडतो हे वैद्यकशास्त्र आमच्याकडे प्रत्येक पानटपरीवर शिकवतात.

थोड्याच दिवसांत नरेश पेढे घेऊन आला. खिशातून सोनाराकडची लाल मखमली डबी काढली, अंगठीची असते तसली. आत कापसावर तांदळाच्या कणीएवढा खडा.

“बगा मॅडम, काढला का नाय,” तो म्हणाला, जणू स्वतः खाणीत उतरून फोडून आणला होता.

कडावात तो खडा बघायला माणसं यायची म्हणे. दुसऱ्या आळीत एकाने त्याहून मोठा काढला होता, त्यावरून दोघांत जरा बोलाचालीही झाली होती. पुरुषाला खडा झाला की त्याला शाल आणि नारळ द्यायचा तेवढा बाकी असतो. मी पेढा खाल्ला आणि रोज भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं. त्याने ते ऐकून सोडून दिलं.

पुढच्या वर्षी त्याच नरेशची बायको वैशाली आली. पस्तिशीच्या आतली, दोन मुलांची आई, शांत चेहऱ्याची. बरोबर नरेश आणि त्याची आई चांगुणाबाई. चिठ्ठी हायवेकडच्या एका नर्सिंग होमच्या सर्जनची, आणि अर्थातच ‘ओटीपोट’. सर्जननी पिशवी खराब झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. माझ्याकडे पाठवलं होतं ते ऑपरेशनपूर्वीची रीत पाळायला, हळदीला ब्राह्मण बोलावतात तसं. दिवाळी झाली की पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढायचं घरात पक्कं ठरलं होतं.

ओटीपोटाची सोनोग्राफी करायची तर मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून बायकांना तांब्याने पाणी पिऊन लघवी रोखून यायला सांगतात. माझ्या बाहेरच्या बाकावर बायका पाय आवळून, ओठ चावत बसलेल्या असायच्या. वैशाली टेबलावर झोपली तेव्हा मी विचारलं, “खूप लागलीय का गं?”

“सवय हाय मॅडम. पन एवढं पानी मी कदी पित नाय.”

“का?”

“कामावर जायला जागा नाय.”

ती मुंबईकरांच्या एका फार्महाऊसवर कामाला होती. दिवसभर पाहुण्यांचे संडास-बाथरूम घासायची, फरशीवर तोंड दिसेल असे. पण कामवाल्यांनी ते वापरायचे नाहीत असा मालकाचा नियम. कामवाल्यांसाठी मागचा बांध होता, आणि तिथे माळी, ड्रायव्हर, पाहुण्यांची पोरं यांची सतत वर्दळ. मग काय करायचं? सकाळी निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. त्या मालकाबद्दल मी तेव्हा जे बोलले ते इथे छापणार नाहीत.

मी बघायला लागले. पिशवी अगदी धडधाकट होती. डाव्या अंडाशयात पाण्याचा एक बुडबुडा होता, तो दर महिन्याला होतो आणि आपोआप जिरतो. आधीच्या कुठल्याशा तपासणीत त्यालाच ‘गाठ’ म्हणून ठेवलं होतं. मग भरलेल्या मूत्राशयाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मूत्रनळी येऊन मिळते तिथे, पांढरा ठिपका चमकला. मागे काळी सावली. कुशीवर प्रोब नेला तर डावं मूत्रपिंड फुगलेलं. पुढे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी दोघा मायलेकरांना आत बोलावलं. “नरेश, तू यातला जाणकार. हे काय आहे सांग.”

नरेशने पडद्याकडे मान वाकडी करून बघितलं. “खडा हाय.”

“कोणाचा?”

त्याने बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हिचा कसा असंल मॅडम? खडा मला झालता.”

मी त्याला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, म्हणजे त्याचं त्याला ऐकू येईल. काही उपयोग झाला नाही. चांगुणाबाई पुढे झाल्या. “बाईमानसाला खडा व्हतो व्हय? आमच्यात कुना बाईला झालेला आयकला नाय. माजी पन पिशवीच काढली. हा बालवाडीत व्हता तवा. कळ गेली ती गेली. मी मेले का?”

मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं. खडा लहान आहे, गोळ्या आणि पाणी यांनी पडेल, पिशवीला काहीही झालेलं नाही. नरेशचं एकच चाललं होतं. डॉक्टरांनी पुढे कॅन्सर होईल म्हणून सांगितलंय. एकदाची काढून टाकली की कटकट मिटेल.

“तुला खडा झाला तेव्हा तुझी किडनी काढून टाकली होती का, कटकट नको म्हणून?”

“तुमी कायपन बोलता मॅडम,” असं म्हणून तो हसत बाहेर गेला. चांगुणाबाईही गेल्या.

वैशाली पोटावरचा जेल पुसत होती. मी तिला विचारलं, “तुला काढायचीय का?”

“माजं काय. दोगं ठरवतील ते.” मग दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “मला भ्या वाटतं पन. आईंची काढल्यावर त्यांच्या अंगात यायचं.”

“काय यायचं?”

“देवी.”

मी तेव्हा ते कानाआड केलं. अंगात येणं या प्रकाराबद्दल माझं मत फार वाईट आहे आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात सर्जन होता. त्याला मी लगेच फोन लावला.

“असेल हो खडा,” तो म्हणाला. “पण पिशवीही काही चांगली नाही. आणि दोन मुलं झालीत. आता ठेवून काय तिचं लोणचं घालायचंय?”

“तुम्हालाही दोनच आहेत ना?” मी म्हटलं. “मग तुमचं काय काय अजून ठेवून घेतलंय?”

फोन बंद झाला. नंतर त्यांच्याकडून माझ्याकडे कधी चिठ्ठी आली नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलेलं नाही.

लोणचं घालायचं नसतं, हे त्या गृहस्थांना कॉलेजात शिकवलेलं होतं. विसरले असतील, म्हणून इथे लिहिते, वाचकांच्याही उपयोगी पडेल. अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. त्याचं काम पाळी आणि पोरं एवढंच, असं समजणारे लोक शिकलेल्यांतही ढिगाने आहेत. हेच हार्मोन कॅल्शियम हाडांत राखायला मदत करतं, लघवीतून फार वाहून जाऊ देत नाही, आणि खडे बहुतेक वेळा कॅल्शियमचेच असतात. शिवाय त्याच्यामुळे लघवीत सायट्रेट जास्त राहतं. लिंबात असतं तेच सायट्रेट. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याचे खडे जमू देत नाही. म्हणून पाळी चालू असलेल्या वयात बायकांना पुरुषांपेक्षा खडे कमी होतात. कमी होतात याचा अर्थ होतच नाहीत असा लावणाऱ्यांना गणित कोणी शिकवलं देव जाणे. आत पहारा कितीही चांगला असला तरी ज्या बाईला दिवसभर पाणीच प्यायला मिळत नाही, तिच्या लघवीत तो पहारा किती पुरणार? आणि पाळी गेली की तो पहाराही सैल होतो, मग बायकांचे खडे वाढायला लागतात. तिशीत धडधाकट अंडाशयं काढून टाकायची म्हणजे तो पहारा आपल्या हाताने उठवायचा. खड्याच्या कळेसाठी पिशवी आणि अंडाशयं काढायची, म्हणजे पुढच्या खड्यांची सोय करून ठेवायची. यापेक्षा मूर्खपणाचा इलाज मला तरी माहीत नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या खाल्ल्या की झालं, असं एक औषध कंपनीचा टायवाला मला सांगायला आला होता. पाळी गेलेल्या बायकांना बाहेरून हार्मोन दिलं तर खडे कमी व्हायच्या जागी काही जणींत वाढलेलेच दिसतात. त्याच्या चकचकीत पत्रकात ते नव्हतं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

बायकांचं दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. गरोदरपणी ते मूत्रनळ्यांना सैल करतं, आणि वाढत्या पोटाचा दाब पडतो तो वेगळा, म्हणून मूत्रपिंडं, विशेषतः उजवं, थोडी फुगलेली दिसतात. कळ त्याची, खड्याची की बाळंतपणाची हे ओळखायला डोकं चालवावं लागतं. लोधिवलीच्या फरीदाला सातव्या महिन्यात कळा सुटल्या तेव्हा तिच्या सासूने दुपटी, टोपडी, बाळंतकाढा असं सगळं गाठोडं बांधून आणलं होतं. मी खडा दाखवला. सासू गाठोडं मांडीवर घेऊन म्हणाली, “अल्ला, म्हंजे ही पोर दोन महिने आदीच्या वेणा देत व्हती, त्या फुकट?” त्या सासूने निदान विश्वास ठेवला.

चांगुणाबाईंनी तो ठेवला नव्हता. तरी आठवड्याभरात वैशालीची कळ पुन्हा उसळली आणि त्याच तिला घेऊन आल्या. नरेश दूध वाटायला गेला होता. खडा तिथेच अडून बसला होता. मी वैशालीला बाहेर बसवलं आणि चांगुणाबाईंना खुर्ची दिली. पिशवीवरून भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी देवीवरून सुरुवात केली. थट्टेच्या सुरातच विचारलं, “आजी, तुमच्या अंगात कधीपासून यायचं?”

त्यांना थट्टा कळली नाही, किंवा कळून त्यांनी ती सोडून दिली.

“पिशवी काढली त्याच वर्सी. छातीतनं वाफ उठायची, डोक्यापत्तुर जायची. घामानं लुगडं भिजायचं, अंग थरथरायचं. एकदा देवळात आरतीला हुबी व्हते आन तसंच झालं. बायका म्हनल्या, देवी आली. मंग दर मंगळवारी पाटावर बसवायला लागले.”

“आणि तुम्ही काय करायचात?”

“लोकं इचारायची. म्हस कदी इनंल, पोरीचं लगीन जमंल का. मी सांगायची तोंडाला येईल ते.”

“खरं व्हायचं?”

“म्हस कदी ना कदी इनतेच की बाई.”

मला हसू आलं. त्या पुढे बोलतच होत्या. त्या दिवशी कोणी काम सांगायचं नाही, सासूसुद्धा पायावर डोकं ठेवायची. काही वर्षांनी वाफा थांबल्या, तेव्हा लोक म्हणाले देवीनं सोडलं. माझं हसणं तिथेच विरलं. अंडाशयं काढलेल्या तरुण बाईच्या अंगातून अशाच वाफा निघतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, कितीतरी बायकांकडून ऐकलं होतं. पण त्या वाफांना पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“पिशवी काढली तेव्हा तुम्हाला नक्की काय होत होतं आजी?”

“हेच. पाटीतनं कळ यायची, जांगंत उतरायची. वकाऱ्या यायच्या. लगवीला आग.”

“आणि आता पाठ दुखते?”

“दुकतेच. वात हाय तो. लय वर्सांचा.”

मी त्यांना टेबलावर झोपायला सांगितलं. मला काय झालंय, असं म्हणत झोपल्या. डाव्या मूत्रपिंडात खडे होते. उजव्यात तर आल्याच्या गड्ड्यासारखा फांद्या फुटलेला एकच मोठा खडा आत भरून बसला होता, आणि मूत्रपिंड बारीक होऊन गेलं होतं. इतकी वर्षं वात वात म्हणून त्यावर तेल चोळलं गेलं होतं. मला भयंकर संताप आला.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी पडदा त्यांच्याकडे वळवून सगळं सांगितलं. हे आत्ताचे खडे केवळ पिशवीच्या ऑपरेशनमुळेच झाले असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्याने भर पडली असणार. तेव्हाची कळ मात्र वैशालीच्याच कळेसारखी, खड्याची असावी. तो आपोआप पडून गेला असेल, म्हणून कळ गेली. काढलेली पिशवी बहुतेक चांगलीच होती.

चांगुणाबाईंनी पडद्यावरच्या खड्यावर बोट ठेवलं.

“मंग माजी कशाला काढली?”

जिभेला हाड नसलेली म्हणून मी कर्जतभर प्रसिद्ध आहे. तरी मी जेल पुसायचा कापूस शोधत बसले.

“आन ती देवी न्हवती?”

“पिशवीबरोबर तुमची अंडाशयंही काढली असणार. ती काढली की अंग असं तापतं आजी.”

त्या उठून बसल्या, पदर नीट केला आणि व्यवहाराचं बोलायला लागल्या. वैशालीला काय काय करायला पाहिजे ते सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, खड्याच्या गोळ्या घ्यायच्या, दिवसभरात मोठी कळशी संपेल इतकं पाणी, त्यात लिंबू.

“लिंबू उतरवायचं?”

“पिळून प्यायचं.”

“बरं. पन माज्या पोटातलं आन त्या देवीचं घरी कुनाला सांगू नका. नरेशला तर नायच.”

मला वाटलं, बाईला लाज वाटतेय. इतकी वर्षं पाया पडून घेतलं, आता तोंड कसं दाखवायचं, असं काहीतरी. मी नाही सांगणार म्हटलं आणि त्या गेल्यावर शालनताईंवर उगाचच खेकसले. वैशालीचं ऑपरेशन थांबवायचा एकही मार्ग मला दिसत नव्हता. नवरा ऐकणार नव्हता, सर्जनला ऐकायचं नव्हतं, आणि जिचं पोट कापणार होते तिला कोणी विचारणार नव्हतं. माझ्याकडे होता तो एक कागद, आणि त्या कागदावरची किडनी बायकोची आहे हे नरेशला मान्यच नव्हतं. मी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना त्याच्याशी बोलायला लावलं. त्यांनाही तो “तुमी कायपन बोलता” म्हणाला.

दिवाळी झाली. मी वैशालीला मनातून जवळजवळ सोडून दिलं होतं. एका दुपारी शालनताई आत येऊन म्हणाल्या, कडावची ती पोरगी आलीय. मला वाटलं, टाके दाखवायला आली असेल. वैशाली एकटीच होती आणि चालण्यात टाके पडल्याची काही खूण नव्हती.

“कधी ऑपरेशन?” मी विचारलं.

“नाय करायचं. देवी नाय म्हनली.”

मग तिने सांगितलं. मंगळवारी दिवेलागणीला चांगुणाबाई अंगणात उभ्या होत्या, एकदम घुमायला लागल्या. इतकी वर्षं देवीने सोडलं होतं, ती परत आली म्हणून आळीतली माणसं धावली. पाट मांडला, कुंकू आणलं. नरेशने पुढे होऊन पाय धरले आणि काय चुकलं म्हणून विचारलं.

“देवी म्हनली, या घरातनं एक पिशवी नेली ते मी पोटात घातलं. दुसरीला हात लावशील तर तुजी म्हस आटंल.” वैशालीच्या चेहऱ्यावर हसूही होतं आणि भीतीही. “मंग म्हनली, सुनेला रोज कळशीभर पानी पाज. लिंबू उतरवून तिठ्यावर टाकायचं नाय, पिळून पाजायचं. आन कामावर लगवीला जागा देत नसतील तर तिला तितं धाडायचं नाय.”

“आणि नरेश काय म्हणाला?”

“व्हय म्हनला. दुसऱ्या दिवशी सर्जनला फोन करून नाय म्हनून सांगितलं. आता सवताच लिंबू आनतो.”

माझं लाखांचं मशीन, माझी पदवी, माझं भांडण, सगळं वाया गेलं होतं. माझंच प्रिस्क्रिप्शन देवीच्या तोंडून गेलं तेव्हा लागू पडलं. नरेशला सोनोग्राफीतला खडा बायकोचा दिसत नव्हता, पण म्हैस आटलेली लगेच दिसली. मला हे सहन करायला जड गेलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी वैशालीला फी न घेता परत तपासलं. खडा पडून गेला होता.

“कुठे ठेवलास? डबीत?”

“कशाला? फार्महाऊसवर शेवटच्या दिवशी पाव्हन्यांच्या बाथरूमात गेले, तितं पडला. पानी ओतून दिला.”

ते ऐकून मात्र मी मनमोकळं हसले. नरेशची लाल डबी अजून त्यांच्या टीव्हीखाली आहे म्हणे.

चांगुणाबाईंना आम्ही मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डावीकडचे खडे काढले, तेवढी बाजू वाचली. उजवं मूत्रपिंड कामातून गेलंय, ते तसंच आहे. त्याला जबाबदार असणाऱ्या डॉक्टरचं नाव त्यांना आठवत नाही, दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

मशीन विकायच्या आधी त्या एकदा तपासायला आल्या होत्या. मी जेल पुसता पुसता विचारलंच, मला राहवेना.

“आजी, खरं सांगा. त्या मंगळवारी देवी आली होती का?”

त्या टेबलावरून सावकाश उतरल्या, पायात चपला सरकवल्या.

“तुमाला काय करायचं? पोरीची पिशवी वाचली ना?” दाराशी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “माज्या टायमाला सांगाया घरात देवी न्हवती बाई. ती पिशवी गेल्यावर आली.”